गरिबाच्या ताटातली चव

जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराच्या कपाटात रजिस्टरांची एक चळत असते. तांदळाचा साठा, मालाची आवक, रोज किती मुलं जेवली, अशा वह्यांमध्ये एक ‘चव नोंदवही’ही असते. तिचे रकाने साधे: तारीख, पदार्थ, चव घेणाऱ्याचं नाव, अभिप्राय, सही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी, स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी आणि सापडलाच तर एखाद्या पालकाने घासभर खाऊन बघायचं आणि लिहायचं. शाळा व्यवस्थापन समितीवर असताना मी ही वही पुष्कळदा चाळली आहे. अभिप्रायाच्या रकान्यात ‘चव चांगली आहे’ हे एकच वाक्य पानामागून पान खाली उतरत जातं. मध्येच लिहिणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो ‘वरीलप्रमाणे’वर येतो. वर्षभरात एकदाही मीठ जास्त पडलेलं नाही, डाळ कच्ची राहिलेली नाही, फोडणी करपलेली नाही. इतकी सुगरण महाराष्ट्रातल्या एकाही घरात नसेल.

यात कुणाची लबाडी शोधायची गरज नाही. २०१३च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत, माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलं दगावली. २०१५मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत, वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यातल्या निदान एका शिक्षकाने, अन्न चाखावं अशी अट आहे. म्हणजे वहीच्या नावात चव असली तरी तिला काम दिलंय ते पहाऱ्याचं. मुलं सुखरूप घरी गेली की वहीचं काम झालं. मुलांनी ते आवडीने खाल्लं का, दुसऱ्यांदा मागितलं का, की निम्मं ताट हळूच कुत्र्यापुढे रिकामं केलं, हे लिहायला त्यात रकाना नाही.

माझं म्हणणं या न असलेल्या रकान्याबद्दल आहे. जेवणातली मजा, म्हणजे आवडीचा पदार्थ, ताजी फोडणी, शेजारच्याशी वाटून खाणं, ही पोट भरलेल्यांची चैन समजून आपण सरकारी अन्नातून बाहेर ठेवली आहे. पोषणाचा खर्च वाया जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. मुलाने न खाल्लेल्या खिचडीत कितीही प्रथिनं असोत, ती बादलीतच राहतात.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःच्या बाबतीत ती कुणी पाळत नाही. मिसळ कोल्हापूरची खरी की पुण्याची की नाशिकची, यावर शिकलेली माणसं तासतासभर भांडतात. एका ठिकाणच्या मटणाच्या रश्शासाठी चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकतात, आणि आमरसाचा हंगाम संपला की घरात सुतक असल्यासारखे बसतात. त्यात वाईट काही नाही, मीही त्याच जातकुळीतला. पण तीच माणसं स्वस्त थाळी किंवा शाळेतला आहार यांवर बोलायला लागली की आवाज बदलतो. ‘फुकट मिळतंय ना? मग चवीचं काय घेऊन बसलात?’ आपल्या ताटातलं खमंग, खुसखुशीत, झणझणीत असतं. त्यांच्या ताटातलं किलोकॅलरी आणि ग्रॅममध्ये मोजलेलं असतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला ७०० आणि २०. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांत सुरू झाली तेव्हा जाहीर झालं तेही वजनच: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. भाजी कशाची, वरणाला फोडणी कसली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ग्रॅम लिहूच नयेत असं मी म्हणत नाही. ते लिहिले नसते तर ठेकेदाराने वरणाचं पाणी केलं असतं. मोजमाप हे चोरीविरुद्धचं कुंपण आहे, ते हवंच. माझी हरकत एवढीच की कुंपण घालून झाल्यावर आत काही पेरायचं असतं, हे आपण विसरलो.

गरीब माणूस मात्र स्वतःच्या बाबतीत हे विसरत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एसटी स्टँडवर उभं राहून बघा. मजुरीच्या पैशातून तेल, मीठ, मिरची घेऊन झाल्यावर प्रत्येक पिशवीच्या वरच्या अंगाला भेळेचा, गोडीशेवेचा किंवा जिलबीचा एक पुडा असतो. हिशेबाने पाहिलं तर त्या पैशात अर्धा किलो डाळ आली असती. अर्थतज्ज्ञांनाही हे कोडं पडलेलं आहे. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या दोन प्रांतांत गरीब कुटुंबांना मुख्य धान्यावर, एकीकडे तांदळावर आणि दुसरीकडे गव्हावर, सवलत देऊन पाहिलं. धान्य स्वस्त झालं म्हणून लोक ते जास्त खातील आणि पोषण सुधारेल, ही सरळ अपेक्षा. तांदूळ खाणाऱ्या हुनानमध्ये उलटंच झालं. वाचलेल्या पैशात लोकांनी मांस-मासळीसारखं रुचकर काही घेतलं आणि भात कमी केला. एकूण पोषणात म्हणावी तशी भर पडली नाही. यावर ‘बघा, गरिबाला कळत नाही’ असं म्हणणारे निघतातच. मला त्यातून दुसरंच दिसतं. कोरडा भात वर्षानुवर्षं खाणाऱ्याला आपल्या जिभेची किंमत माहीत आहे आणि संधी मिळताच तो ती मोजतो. अन्नाची योजना आखणाऱ्याने ही माणसाची खोड समजून नाक मुरडण्यापेक्षा त्याच्या बाजूने काम करावं.

चवीची हमी कशाने मिळते, याचा एक चांगला नमुना मुंबईच्या गिरणगावात होता. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायका-मुलं गावी ठेवून गाळ्यांत राहत आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या खानावळवाल्या बायका पहाटे उठून पाळीच्या वेळा सांभाळत चपात्या लाटत, उधारी सांभाळत, कुणाला तिखट सोसत नाही आणि कुणाला सोमवारी मासळी चालत नाही हे तोंडपाठ ठेवत. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यामागे सावकाराच्या कचाट्यातून त्यांना सोडवण्याचा हेतू होता. पण त्याही आधी, कुठलीही योजना नसताना, रोज हजारो गरीब माणसांना स्वस्तात चवीचं जेवण मिळत होतं. कारण साधं होतं. एका बाईच्या आमटीत राम उरला नाही तर पुढच्या महिन्यात गडी शेजारच्या खोलीत जेवायला जाई.

शाळेतल्या मुलाला शेजारची खोली नाही. शिवभोजनाच्या रांगेतल्या माणसालाही बहुतेक वेळा नसते. जिथे खाणाऱ्याला उठून जाता येत नाही तिथे चव आपोआप सांभाळली जात नाही, तिची जबाबदारी कुणावर तरी टाकावी लागते. ही जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही, म्हणून ती रोज एका स्वयंपाकी ताईच्या भलेपणावर चालते.

१९९५च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, तीही इथे आठवते. पदार्थाची निवड उत्तम होती, महाराष्ट्रात झुणका-भाकरीला नाही म्हणणारं तोंड विरळा. पण पुढे अनुदान आटलं आणि बऱ्याच केंद्रांच्या टपऱ्यांवर वडापाव आणि चायनीज दिसायला लागलं. असो.

आता तांदळाकडे येऊ. शाळेतल्या आहाराला धान्य केंद्राकडून मिळतं आणि आपल्याकडे ते मुख्यतः तांदूळ असतं. कोकणात, भंडारा-गोंदियात याचं काही वाटत नाही. पण सोलापूर, बीड, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, इथे घरात तिन्हीत्रिकाळ ज्वारीची भाकरी खाणाऱ्या मुलाला दुपारी रोज भाताचाच कुठलातरी अवतार मिळतो. खिचडी, पुलाव, मसालेभात: नावं तीन, पातेलं एक. ज्वारी त्याच शिवारात पिकते, बाजारात भाव नाही म्हणून शेतकरी ओरडतो, आणि शाळेच्या कोठीत शेकडो कोसांवरून आलेल्या तांदळाची पोती लागलेली असतात. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं तेव्हा शाळाशाळांत ज्वारी-बाजरीची पोस्टरं रंगवून घेतली. पोस्टर रंगवून झाल्यावर मुलांनी जेवायला बसून खाल्ला भात.

त्यातच फोर्टिफाइड तांदूळ आला. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले, पिठापासून बनवलेले दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. हेतू चांगला. पण हे दाणे रंगाला आणि दिसायला थोडे वेगळे असतात, पाण्यात टाकले की काही वेळा तरंगतात. मग काय होतं? गावातली बाई सूप घेऊन उन्हात बसते, तांदूळ पाखडते आणि ‘प्लॅस्टिकचे’ म्हणून नेमके तेच दाणे वेचून बाजूला टाकते. लोहासाठी एवढा खर्च करून शेवटी लोहच केरात जातं. तिला अडाणी म्हणून मोकळं होता येईल. पण जिने आयुष्यभर तांदळातला खडा नजरेने टिपला आहे, तिच्या पुढ्यात न सांगता-सवरता अनोळखी दाणा टाकला तर ती दुसरं काय करणार? खाणाऱ्याचा विश्वास हाही चवीचाच भाग आहे. अंगणवाडीतून घरी न्यायला दिल्या जाणाऱ्या पाकिटबंद पिठांची गतही तीच झाली. मुलं खाईनात, म्हणून ती गुरांच्या आंबोणात गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. याउलट २०१५पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचं ताजं, गरम, पुरं जेवण द्यायला सुरुवात झाली. त्या योजनेची स्वतःची दुखणी-बाणी आहेत, पैसे वेळेवर न पोचणं हे त्यातलं मोठं. तरी निदान तिथे बाईसमोर जेवण येतं, पाकीट येत नाही.

शिजवलेलं अन्न आणि नुसतं धान्य यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच मान्य केलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. मूल पिशवी घेऊन यायचं, तांदूळ न्यायचं, आणि तो घरातल्या सात तोंडांत वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशाने न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक मुलाला शाळेत शिजवलेलं जेवण द्या. हक्काच्या भाषेत लिहिलेला आदेश आहे तो. पण त्याचा अर्थ असा झाला की देशभरात रोज दुपारी कोट्यवधी मुलं एका ओळीत मांडी घालून एकाच पातेल्यातलं खाऊ लागली. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, यावरून ज्या देशात डोकी फुटली तिथे ही गोष्ट साधी नव्हे.

आणि इथेच माझ्या मुद्द्याला एक अडचण येते, ती टाळून चालणार नाही. चव, आवड म्हणत गेलो की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आमच्या पोरांना त्या बाईच्या हातचं आवडत नाही.’ २० एप्रिल २००४च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२१मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात, सुखीढांगच्या शाळेत, दलित भोजनमातेने रांधलेलं जेवण वरच्या जातींच्या मुलांनी नाकारलं आणि तिला कामावरून काढलं गेलं, तेव्हा सारा देश त्यावर बोलला. तिचं मीठ कमी पडलं होतं असं कुणी म्हटलं नव्हतं. आवडीचा हवाला देऊन विटाळ पाळता येतो, हे खरं आहे, आणि आपल्या सोसायट्यांत ‘वासाचा त्रास होतो’ म्हणून भाडेकरू नाकारणारे ते रोज करत असतात.

पण यावरचा उपायही ताटातूनच आलेला आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन हॉटेल काढून दिलं. ते चालेना, कारण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलापुढे थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी वटहुकूम काढले, नोकऱ्यांत आरक्षण ठेवलं, तरी गावाच्या चौकात बसून कप तोंडाला लावणं त्यांना वेगळं करावं लागलं. हुकमाने मूल पंगतीला बसवता येतं. त्या पंगतीची त्याला ओढ लागायची असेल तर वाढलेलं चविष्ट असावं लागतं. ज्या शाळेत ताईच्या हातची उसळ अशी होते की मुलं पातेलं पुसून खातात, तिथे ताईची जात विचारणाऱ्याचं काम निदान अवघड होतं. चवीने जात मोडते असा भाबडा दावा मी करणार नाही. बेचव अन्न मात्र जातीला आयतं निमित्त पुरवतं.

अंड्याचा वाद याच वाटेवर लागतो. महाराष्ट्राने २०२३च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. लगेच दोन्ही बाजूंनी तलवारी निघाल्या. एका बाजूने धर्म, संस्कार, मुलांची मनं. दुसऱ्या बाजूने प्रथिनांचे तक्ते. या भांडणात अंड्याच्या दिवशी शाळेत काय होतं हे कुणी सांगितलंच नाही. मी पाहिलेल्या एका दिवसाचं सांगतो. उकडलेली अंडी परातीत आली तेव्हा शेवटच्या तासाचा आवाज आपोआप बसला. टरफल काढायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी फरशीवर घरंगळवून सगळीकडून तडे पाडतो, कुणी टोकाला टिचकी मारून नखाने पापुद्रा उचलतो, एकाने तर अख्खं टरफल टोपीसारखं काढून दाखवलं आणि सगळ्यांची वाहवा घेतली. मिठाची पुडी मधे ठेवून पाच जणांचं टोळकं बसलेलं. बहुतेकांनी पांढरं आधी संपवलं आणि पिवळा बलक शेवटच्या घासाला ठेवला. केळं घेतलेली दोन मुलं त्याच गोलात होती. त्यातल्या एकाने अर्धं केळं देऊन टरफल सोलायचा मान मिळवला. खायचं नव्हतं त्याला, सोलायचं होतं. कुणाचा धर्म बुडाला असेल तर मला दिसला नाही.

जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने अंडी आणि गोड पदार्थ यांसाठीचा स्वतःचा पैसा काढून घेतला आणि शाळांना लोकसहभागातून ते द्यायची मुभा ठेवली. लोकसहभाग हा शब्द ऐकायला गोड आहे. साखर कारखान्याच्या गावात, नोकरदारांच्या वस्तीत तो मिळेलही. अक्कलकुव्याच्या पाड्यावर कुणाकडे मागायचा? म्हणजे जिथे अंड्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत आधी बंद होणार. आणि कात्री कुठे लागली हेही बघा. तांदूळ कापला नाही, डाळ कापली नाही. मुलं ज्याची वाट बघतात ते दोन पदार्थ, अंडं आणि गोड, तेवढेच वगळले. हिशेब करणाऱ्याच्या लेखी ती वरची सजावट होती.

तमिळनाडूने हे वेगळ्या नजरेने पाहिलं. तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६च्या सुमारास शाळेत जेवण सुरू केलं, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२मध्ये ते राज्यभर नेलं, २०१०पासून आठवड्याला पाच अंडी मिळतात. पुढे जयललितांच्या काळात, सांबार-भाताला मुलं कंटाळली आहेत हे सरकारने उघडपणे मान्य करून ताटं बदलली. लिंबूभात, चिंचभात, बिसीबेळे असे प्रकार आले आणि अंडंही एक दिवस मिरीचं, एक दिवस कांदा-टोमॅटोचं. २०२२पासून तिथे सकाळचा नाश्ताही मिळतो. यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती कंटाळ्याची कबुली. पोरांना कंटाळा येतो, हे सरकारी कारण होऊ शकतं, हे तिथल्या राज्यकर्त्यांना पटलं. आपल्याकडेही २०२४मध्ये पाककृतींची यादी वाढवली, मोड आलेली कडधान्यं, नाचणी सत्त्व, तांदळाची खीर तीत होती. दिशा चांगली होती. सहा-सात महिन्यांतच तिचा गोड भाग लोकसहभागावर सोडून दिला.

‘एवढ्या मोठ्या प्रमाणावर चव येत नाही’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. जुन्नर तालुक्यातल्या आणे गावी रंगदासस्वामींच्या यात्रेत मोठमोठ्या कढयांत आमटी उकळते, आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकऱ्या येतात आणि हजारो माणसं जेवून तृप्त होतात. वारीच्या वाटेवर कुठल्याही गावात विचारा, दिंडीला वाढताना पिठल्याची चव बिघडली तर ती बाई वर्षभर मनाला लावून घेते. मोठं पातेलं चवीचं वैरी नाही. आपण कुणासाठी रांधतोय हे माहीत नसणं, हे वैरी आहे. म्हणूनच शहरांतल्या केंद्रीय स्वयंपाकघरांबद्दल मला शंका आहे. स्वच्छतेची शिस्त तिथे बरी असते, शिक्षकांच्या डोक्याचा ताप कमी होतो, हे कबूल. पण पहाटे शिजलेला भात डब्यात कोंबून, गाडीत हिंदकळत दुपारी पोचतो, तेव्हा त्याचा गोळा झालेला असतो. आणि तो कुणी केला हे मुलांना माहीत नसतं, कुणी खाल्ला हे करणाराला माहीत नसतं. गावच्या शाळेत ताईला ठाऊक असतं की तिसरीतल्या कुणाला मटकी बाधते आणि कोण आज सकाळी काही न खाता आलाय.

पैशाचं काय, हा प्रश्न खरा. धान्य वगळता डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्याला मिळून मे २०२५पासून केंद्राचा दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. टपरीवरचा एक वडापाव यात येत नाही. तरीही ज्या शाळांनी परसबाग नीट राखली तिथे कढीपत्ता, शेवगा, कोथिंबीर फुकटात मिळतात आणि खिचडीचा नूर पालटतो. पण परसबागेच्या कौतुकात दराचा प्रश्न झाकून टाकायचा नाही. दर वाढलाच पाहिजे, आणि वाढीव पैशातला काही भाग ठरवून चवीसाठी ठेवला पाहिजे. आठवड्यातला एक दिवस यादीतून मोकळा करा. त्या दिवशी काय करायचं ते ताई, शिक्षक आणि मुलं मिळून ठरवू देत. सोलापुरात भाकरी आणि शेंगांची चटणी होईल, खानदेशात कळण्याची भाकरी आणि भरीत, सिंधुदुर्गात कुळथाची पिठी. धान्य गावात घ्या, बिलं ग्रामसभेपुढे वाचा. यात खाबूगिरी होईल म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, जिल्ह्याच्या पातळीवर निघणाऱ्या मसाल्याच्या ठेक्यांत ती होत नाही का? निदान गावातली चोरी गावाला दिसते.

आणि चव मागायची तर ती ज्या हातांतून येते त्यांच्याकडे बघावं लागेल. स्वयंपाकी आणि मदतनीस यांना केंद्राने २००९मध्ये महिन्याला एक हजार रुपये ठरवले, केंद्राचा आकडा तिथेच थांबला आहे. राज्याची भर धरून महाराष्ट्रात ते अडीच हजारांवर आलं. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, आणि तेही वर्षाचे दहाच महिने. ती बाई सकाळी चूल किंवा गॅस पेटवते, शंभर पोरांचं रांधते, वाढते, भांडी घासते, वर्ग झाडायलाही बऱ्याचदा तिलाच सांगतात. पाककृतींच्या समितीवर शेफ मंडळी असतात, आहारतज्ज्ञ असतात, अधिकारी असतात. पुढची यादी करायला बसाल तेव्हा अशा पाच-सहा जणींना प्रवासखर्च देऊन त्या बैठकीला बोलवा, आणि मानधन बारा महिन्यांचं करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, तिच्या घरची चूल चालूच असते.